गाळलेली पानं

हर्षा गजभिये करडीहून वरठीला आली ती कॉलेजसाठी. दहावीला ती गावच्या शाळेत पहिली आली होती आणि पुढचं सगळं घरात ठरूनच गेलं होतं. बारावी, मग डीएड, मग मास्तरीण. त्या वर्षांत डीएडला बारावीच्या टक्क्यांवरच नंबर लागायचा. सरकारी कॉलेजात लागला तर लागला, खासगीत पाठवायची तिच्या वडिलांची, केशवरावांची, ऐपत नव्हती. त्यांनी ते लपवलंही नाही.

"पंचाहत्तरच्या वर पाह्यजे," ते म्हणाले. "खाली आली त मग धानाच्या बांधीत ये, रोवण्याले."

ते हसत म्हणाले होते. हर्षाला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

वरठीत ती रत्नाबाईकडे, सख्ख्या मावशीकडे राहायची. मावशी दोन वेळा जेवू घालायची, त्याहून जास्त मागणं बरं दिसलं नसतं. वह्या, गाईड, परीक्षेचा फॉर्म हे हर्षाचं हर्षानंच बघायचं. म्हणून बारावीच्या वर्षी, दोन हजार तीनच्या ऑगस्टात, मावशीनंच तिच्यासाठी काम शोधून आणलं.

"स्टेशनसमोरचा फोनवाला जागेश्वर हटवार आहे ना, त्याले वाचून दाखवाले कोणी पाह्यजे. बसूनच काम आहे. जाशील?"

जागेश्वरला सगळं वरठी ओळखायचं. एकोणिसाव्या वर्षी काचबिंदूनं त्याचे दोन्ही डोळे गेले, तेव्हा तो बीएचं दुसरं वर्ष नुकतंच पास झाला होता. पुढे अपंगांच्या कोट्यातून त्याला एसटीडी बूथ मिळाला. आता तो चौतीस वर्षांचा होता. बूथवर तो आणि त्याची आई सुंदरबाई असे दोघेच असत. कारखान्यातली माणसं पाळी सुटली की सायकली बाहेर टेकवून आपापल्या मुलखात फोन लावायला येत. छपरा, बलिया, राजनांदगाव, कुठले कुठले नंबर, आणि ते सगळे जागेश्वरच्या डोक्यात. माणसानं आत येऊन नुसतं "भैया, घर लगाना" म्हटलं तरी आवाजावरून त्याला ओळखून जागेश्वरची बोटं बटणांवर चालू लागत. नवखी माणसं तोंडात बोट घालत. सुंदरबाई तेवढ्यावरच दिवसभर खूश असायची.

त्यानं पंधरा वर्षांनी बीए पूर्ण करायचं मनावर घेतलं होतं. शेवटचं वर्ष, प्रायव्हेट फॉर्म. इतिहास, राज्यशास्त्र, मराठी.

हर्षाचं कॉलेज सकाळचं. दुपारी दोन ते पाच ती बूथच्या मागच्या खोलीत बाकावर बसून त्याला वाचून दाखवू लागली. पहिल्या दिवशी त्यानं तिच्याकडून तिन्ही पुस्तकांच्या अनुक्रमणिका वाचून घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी त्या पाठ म्हणून दाखवल्या.

"टेप करून ठेवाची काही गरज नाही," तो म्हणाला. "माह्यासमोर एकदा नीट वाचलं की बस. डोळे गेले, पण हे आहे ना." आणि त्यानं कपाळावर टिचकी मारली.

ते खरंच होतं. धडा संपला की तो मुद्दे क्रमानं सांगायचा, सनावळीसकट. मध्ये गिऱ्हाईक आलं की तो उठून पुढे जायचा. तेवढी पाच-दहा मिनिटं हर्षा स्वतःचं पुस्तक उघडायची, आणि त्याला ते माहीत होतं. परत येताना तो दारातूनच विचारायचा, "कोन्ता धडा वाचून राहिली?" तिला अडलेलं काही असलं तर समजावून सांगायचा. केंद्र-राज्य संबंध तिला कॉलेजात कधी कळले नव्हते, ते तिला त्या बाकावर कळले. ती त्याला भाऊ म्हणायची. दिवाळीला सुंदरबाईनं तिच्यासाठी वेगळ्या डब्यात चकल्या काढून ठेवल्या होत्या.

जानेवारीत कॉलेजची सराव परीक्षा झाली आणि हर्षाला त्रेसष्ट टक्के पडले.

त्रेसष्ट आणि पंचाहत्तर यांच्यात बारा टक्के होते आणि मध्ये होता एकच महिना. सकाळी कॉलेज, घरी आल्यावर मावशीच्या दोन लहान पोरी आणि भांडी, संध्याकाळी एकाच खोलीत टीव्ही. दिवसातला खरा मोकळा वेळ दोन ते पाच हाच, आणि तो तिनं विकून टाकला होता.

महिनाभर सुट्टी मागावी असं तिच्या मनात आलं होतं. पण सुट्टी दिली तर भाऊ दुसरी कोणी मुलगी बघेल, आणि मग ती दुसरीच कायमची होईल, याची तिला भीती वाटली. फॉर्म भरून झाला होता, पण डीएडच्या प्रवेशाचा खर्च पुढेच होता. तिनं मागितली नाही.

सुरुवात तळटिपांपासून झाली. त्या तशाही कोण वाचतं. मग एकदा तिनं तहाच्या कलमांची लांबलचक यादी निम्म्यावर आणली. मग फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी राष्ट्रसंघाचा धडा चालू होता. स्थापना झाली, रचना झाली, आणि पुढे 'अपयशाची कारणे' या मथळ्याखाली साडेपाच पानं होती. दुसऱ्या दिवशी कॉलेजात अर्थशास्त्राची चाचणी होती. हर्षानं ती पानं एकदम उलटली.

"झाला धडा," ती म्हणाली.

"इतक्यात?"

"हो भाऊ. छोटाच होता."

"बरं झालं मंग." जागेश्वरनं हात वर करून आळस दिला. "आज लवकर सुटलो. तुही परीक्षा आली ना जवळ? बस इथंच अभ्यास करत, घरी का होते तुह्यानं. आई, हर्षासाठी चहा ठेव वं."

आणि तो उठून पुढे गेला, तिला त्रास नको म्हणून मधलं दार ओढून घेऊन. ती तासभर अर्थशास्त्र वाचत बसली. चहा आला, तिनं तो प्यायलाही. पुढे कितीतरी वर्षं तिला त्या पानांपेक्षा तो चहाच जास्त आठवायचा.

एकदा जमलं म्हटल्यावर पुढचं सोपं झालं. पंधरा दिवसांत तिनं इतिहासाच्या पुस्तकात अकरा ठिकाणी पानं गाळली. कुठे दोन, कुठे सहा. मुद्द्यांची सुरुवात वाचायची, शेवटचा परिच्छेद वाचायचा, मधलं सोडायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला खड्डा जाणवत नाही. बारावीचे पेपर झाले की मार्चमध्ये परत मागे जाऊन सगळं वाचून देऊ, असं तिनं स्वतःला सांगितलं होतं आणि तिचा त्यावर विश्वासही होता.

पेपर झाले. चांगले गेले. पेपरांपुरती सुट्टी संपवून मार्चच्या शेवटी ती बूथवर परत आली तेव्हा मराठीचं एक पुस्तक पूर्ण राहिलेलं होतं आणि राज्यशास्त्र अर्धं. इतिहासाचं जागेश्वर म्हणाला, "तो झाला आपला. तो पक्का आहे." त्याला आता काय म्हणून सांगायचं, की चला, परत पान एकशे बारा काढू? एक दिवस ती पुस्तक हातात घेऊन बसली, तोंड उघडलं, तेवढ्यात पुढून कोणी तरी हाक मारली आणि तो उठला. परत आला तेव्हा तिनं मराठीचं पुस्तक उघडलं होतं.

परीक्षेत त्याचा लेखनिकही तीच होती. तिचं शिक्षण त्याच्यापेक्षा कमी, म्हणून नियमात बसत होती. कॉलेजचं पत्र, फोटो, सही, सगळं त्यानं महिनाभर आधी करून ठेवलं होतं. एप्रिलच्या उन्हात दोघं भंडाऱ्याच्या केंद्रावर जायचे. त्यांना वेगळी खोली असायची, एक पर्यवेक्षक बाई आणि वर गरगरणारा पंखा. जागेश्वर प्रत्येक पेपरला इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून यायचा. राज्यशास्त्राचे आणि मराठीचे पेपर त्यानं असे सांगितले की हर्षाचा हात दुखून आला.

इतिहासाच्या पेपरात तिनं पहिला प्रश्न वाचला, त्यानं उत्तर सांगितलं. मग दुसरा वाचला.

"राष्ट्रसंघाच्या अपयशाची कारणे स्पष्ट करा. किंवा. जागतिक महामंदीचे परिणाम लिहा."

दोन्ही गाळलेल्या पानांतले.

"परत वाच."

तिनं परत वाचलं.

"अपयशाची कारणं," जागेश्वर पुटपुटला. "राष्ट्रसंघ आपण वाचला होता. स्थापना, मंग आमसभा, मंग परिषद, सचिवालय, मंग..." त्याची बोटं टेबलाच्या कडेवरून सरकत होती, एकेक मुद्दा मोजल्यासारखी, आणि दर वेळी त्याच जागी येऊन थांबत होती. "मंग का होतं? थांब. आहे ते. आठवू दे मले."

पंखा फिरत राहिला. पर्यवेक्षक बाई खिडकीबाहेर बघत होत्या. हर्षा पेन धरून त्याच्याकडे बघत बसली. त्याच्या कपाळावर घाम आला होता आणि शर्टाची कॉलर भिजत चालली होती. जे कधी ठेवलंच नव्हतं ते तो शोधत होता, आणि खोलीत हे एकट्या तिला माहीत होतं. बोलायची तिला मुभा नव्हती. मुभा असती तरी काय सांगणार होती? ती पानं तिनंही वाचलेली नव्हती.

शेवटी त्यानं स्वतःच्या अकलेनं सहा-सात ओळी सांगितल्या. चौथ्या प्रश्नालाही तसंच झालं. बाहेर पडल्यावर, आंब्याच्या झाडाखाली तिचा हात धरून रिक्षाची वाट बघताना तो म्हणाला, "तुह्या हातावर घाम कायले आला वं? मी चुकलो, तू त नाही."

हर्षा म्हणाली, "ऊन आहे, भाऊ."

जूनमध्ये बारावीचा निकाल लागला. हर्षाला शहात्तर टक्के पडले. केशवराव करडीहून पेढे घेऊन आले. भंडाऱ्याच्या सरकारी कॉलेजात डीएडला तिचा नंबर लागला. जागेश्वरनं आईबरोबर जाऊन तिच्यासाठी ड्रेसचं कापड आणलं, रंग आईला विचारून विचारून निवडला.

जुलैत त्याचा निकाल आला. दोन विषयांत तो उत्तम पास झाला होता. इतिहासात पाच गुणांनी नापास.

हर्षा भेटायला गेली तेव्हा बूथवर तीन-चार माणसं होती. जागेश्वर सगळ्यांना एकच सांगत होता. "पोरीनं त आठ महिने घसा कोरडा करून वाचून देलं. पेपर सोडले त एक दिवस नागा नाही. माह्याच डोक्यात राह्यलं नाही, तिनं का करावं?" सुंदरबाईनं तिला आत नेलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. "तू वाईट नको वाटून घेऊ, बाई. तू आपलं काम केलं."

त्यानंतर हर्षानं बूथवर जायचंच टाळलं. डीएडच्या होस्टेलवर राहायला गेली, मावशीकडे आली की स्टेशनच्या रस्त्यानं न जाता मागच्या गल्लीनं यायची.

सप्टेंबरात ती मावशीकडे आलेली असताना तिच्या आईला, सत्यभामाबाईंना, ताप आल्याचा निरोप आला आणि करडीच्या किराणा दुकानात फोन लावणं भाग पडलं. वरठीत जवळ दुसरा बूथ नव्हता. ती गेली. करडीच्या दुकानाचा नंबर जागेश्वरनं वर्षभर तिच्यासाठी न विचारता लावला होता.

"कोण, हर्षा? ये ये." त्यानं रिसीव्हर उचलला, बोटं बटणांवर ठेवली आणि तशीच ठेवून थांबला. "नंबर सांग बरं."

"करडीचा, भाऊ. दुकानाचा."

"हो, पण सांग. आता मी विचारूनच लावतो. परवा एकाचा फोन भलतीकडेच लावून देला. त्याच्या घरी मयत झालं होतं, लय बोलला मले."

तिनं एकेक आकडा सांगितला. त्यानं एकेक दाबला, आणि लागल्यावर तिच्याकडून खात्री करून घेतली, करडीच ना? तिचं वडिलांशी बोलणं होईपर्यंत दुसरं गिऱ्हाईक आलं, नेहमीचा माणूस, आणि जागेश्वरनं त्यालाही नंबर विचारला. सुंदरबाई फळीवर वही घेऊन बसली होती. तिला लिहिता येत नव्हतं, पुढे वाद झाला तर दाखवायला म्हणून माणसांकडूनच ती नंबर लिहून घ्यायची.

"नागपूरले नेलं होतं त्याले," ती हर्षाला हळूच म्हणाली. "डोक्याच्या डॉक्टरकडे. काही नाही म्हणते डॉक्टर. पण हा ऐकत नाही. म्हणते, डोळे गेले तेव्हाही पह्यले काही नाही म्हणत होते."

हर्षा मावशीच्या घरी आली आणि भांडी घासता घासता तिनं मावशीला सगळं सांगितलं. रत्नाबाईनं ऐकून घेतलं.

"आता सांगून का होते?" ती म्हणाली. "त्याचे गुण वाढतात का? तू मास्तरीण होऊन राहिली. गावात नाव निघंन, मलेही तोंड दाखवाले जागा राह्यणार नाही. चूप राह्य."

हर्षा दोन दिवस चूप राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता ती बूथवर गेली आणि मागच्या खोलीत जागेश्वरसमोर उभी राहिली. बसणं तिला जमलं नाही.

"भाऊ, तुमचं डोकं ठीक आहे," ती म्हणाली. "मी पानं गाळली होती."

त्याला कळलं नाही. तिला परत सांगावं लागलं. राष्ट्रसंघाचं सांगितलं, महामंदीचं सांगितलं, अकराही जागा सांगितल्या. त्या तिला तोंडपाठ होत्या.

जागेश्वर आधी हसला. खरंखुरं, मोठ्यानं. "म्हणजे नव्हतंच ते! मी म्हणो, सचिवालयाच्या पुढे काही लागत कसं नाही! आई, ऐकलं का? नव्हतंच!" सुंदरबाई दारात येऊन उभी राहिली. त्याचं हसू हळूहळू थांबलं.

"काहून?"

"माझी परीक्षा होती. त्रेसष्ट पडले होते."

"मंग सुट्टी मागाची ना. मी महिनाभर देली असती. नाही म्हटलं असतं का मी?"

"तुम्ही दुसरी कोणी पाहाल असं वाटलं."

पुढे फोनची घंटी वाजून बंद झाली, तो उठला नाही.

"एप्रिलपासून सप्टेंबर," तो म्हणाला. "पाच महिने मी झोपाच्या आधी रोज बे ते तीसचे पाहाडे म्हणून पाह्यतो. विसरलो का म्हणून. तू पेपरात बाजूले बसली होती. माह्याकडे पाहून राहिली होती."

हर्षा रडायला लागली. कोणीही तिला गप्प केलं नाही.

"पुस्तक कुठं आहे?" त्यानं आईला विचारलं. सुंदरबाईनं फळीवरून काढून त्याच्या हातात दिलं. त्यानं ते मांडीवर ठेवलं, त्यावर दोन्ही हात ठेवले. "तुम्ही जा आता," तो म्हणाला.

वर्षभर तो तिला तू म्हणत आला होता. ती उंबऱ्याबाहेर पडली तेव्हा चप्पल घालायचं तिच्या लक्षात राहिलं नाही, सुंदरबाईनं मागून हाक मारून चप्पल पुढे सरकवली.

हिवाळी परीक्षेत जागेश्वर इतिहासात पास झाला. स्टेशनवरच्या पार्सल ऑफिसातला केवळराम नावाचा कारकून त्याला सुट्टीच्या दिवशी वाचून दाखवत होता, असं हर्षाला मावशीकडून कळलं. पुढे दोन वर्षांत मोबाइल आले, बूथ ओस पडला. पण तोवर त्याच्याकडे पदवी होती. गोंदियाला एका सरकारी कार्यालयात टेलिफोन ऑपरेटरची जागा निघाली, ती त्याला मिळाली, आणि आईला घेऊन तो तिकडे गेला.

हर्षा शिक्षणसेवक म्हणून लाखांदूर तालुक्यातल्या एका गावी लागली, मग कायम झाली. लग्न झालं, मुलगी झाली. गावातले लोक तिला चांगली मास्तरीण म्हणतात. कोणी तसं म्हटलं की ती पटकन दुसरा विषय काढते, आणि तिच्या नवऱ्याला वाटतं की बाई लाजाळू आहे. त्याला तिनं हे सांगितलेलं नाही. सांगायला बसावं असं अनेकदा ठरवलं, पण त्या बाकावरच्या चहापर्यंत येऊन ती थांबते.

दोन हजार बारामध्ये, मे महिन्यात, ती भंडाऱ्याच्या बसस्टँडवर लाखांदूरच्या गाडीची वाट बघत होती. फलाटावर पांढऱ्या काठीवर हात ठेवून जागेश्वर बसला होता. केस कानांपाशी पिकले होते. ती दोनदा त्याच्यासमोरून गेली. तिसऱ्यांदा थांबली.

"भाऊ, मी हर्षा. करडीची."

त्यानं तोंड वर केलं. "हो, ओळखलं आवाजावरून. बऱ्या आहात? कुठं असता?"

तिनं सांगितलं. आई कशी आहे विचारलं. आई दोन वर्षांपूर्वी गेली, तो म्हणाला. तो अगदी नीट बोलत होता, बँकेत शेजारच्या रांगेतल्या बाईशी बोलावं तसं. ती म्हणाली, "गोंदियाची गाडी ना? मी पाहून सांगते, भाऊ. पाटी वाचते."

"नको, तुम्ही कायले त्रास घेता," जागेश्वर म्हणाला. मग मान दुसऱ्या बाजूला वळवून तो तिथं बसलेल्या अनोळखी म्हाताऱ्याला म्हणाला, "बाबाजी, गोंदिया लागली की मले सांगजा हो."

गाडी पंधरा मिनिटांनी लागली. म्हाताऱ्यानं सांगितलं आणि हात धरून त्याला दारापर्यंत नेलं. हर्षा तिथंच उभी होती. पाटी तिनंही वाचली होती, म्हाताऱ्याच्या आधी. गाडी स्टँडबाहेर पडेपर्यंत ती जागची हलली नाही, आणि मग पिशवी उचलून लाखांदूरच्या फलाटाकडे गेली.